न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं

मृग तोंडावर आला की आमच्या जुन्या घरात मुंग्या निघायच्या. फळीखालून, ओट्याच्या कडेकडेने, भिंतीतल्या एखाद्या अदृश्य फटीतून त्यांची बारीक, न तुटणारी ओळ साखरेच्या डब्याकडे सरकत असायची, आणि आजी मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद घेऊन त्या ओळीवर आडवी रेघ ओढायची. पहिली मुंगी रेघेपाशी थबके. मागच्या तिच्यावर येऊन आदळत, मिशांनी एकमेकींना चाचपत, क्षणभर नुसता गोंधळ माजे. मग ओळ मागे वळायची, नाहीतर लांबचा वळसा शोधायची. मुंग्यांना हळद चालत नाही, हे आमच्या घरात सूर्य पूर्वेला उगवण्याइतकं पक्कं होतं. आजीला साखर वाचवायची होती आणि ती वाचत होती, त्यामुळे या ज्ञानाला आव्हान द्यायचं कुणाला काही कारणही नव्हतं.

पण मुंग्या नेमक्या कशाला थांबत होत्या? हळदीच्या उग्र वासाला? की कोणतीही बारीक पूड पायांना चिकटते म्हणून? तसं असेल तर तांदळाच्या पिठानं किंवा रांगोळीनंही तेच काम केलं असतं. शिवाय रेघ ओढताना बोट ओट्यावरून फिरायचं, म्हणजे मुंग्यांनी टाकलेली वासाची वाट तिथे पुसली जायची. मग हळद नुसतीच साक्षीला होती, खरं काम बोटानं केलं, असंही असेल. अठराव्या शतकात जिनिव्हाचे निसर्गअभ्यासक शार्ल बोने यांनी मुंग्यांच्या वाटेवरून नुसतं बोट फिरवलं होतं, आणि तेवढ्यानेही त्या बावचळल्या होत्या. एका चिमटीत वास, रंग, पूड, स्पर्श, पुसणं इतकं सगळं एकदम खाली उतरतं आणि आपण श्रेय देतो ते त्यातल्या डोळ्यांत भरणाऱ्या एकाला.

प्रयोगशास्त्रात या सोबत आलेल्या, न बोलावलेल्या कारणांना कन्फाउंडिंग व्हेरिएबल म्हणतात. आपण एक गोष्ट बदलली असं मानतो, तिच्या आडून दुसरी एखादी बदललेली असते, आणि परिणाम कुणाच्या पदरी घालायचा हे कळेनासं होतं. दगडांच्या, द्रवांच्या, तारांच्या प्रयोगांतही हे घडतंच. पण समोर प्राणी असला की त्यात एक वेगळीच गंमत येते, आणि थोडी व्यथाही. दगडाला प्रयोग कळत नाही. प्राणी मात्र आपल्याकडे बघत असतो, हुंगत असतो, ऐकत असतो. आपण विचारलेल्या प्रश्नाशी त्याला काही कर्तव्य नसतं आणि न विचारलेल्या दहा प्रश्नांची उत्तरं तो मनोभावे देत असतो.

या विषयाचा विचार करताना मला नेहमी बर्लिन शहराच्या उत्तर भागातलं एक फरसबंद अंगण आठवतं, जे मी फक्त वाचलेलं आहे. भोवती उंच इमारती, आणि मध्ये पांढऱ्या केसांवर काळी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ. विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त गणितशिक्षक. त्यांचा विद्यार्थी म्हणजे हान्स नावाचा ऑर्लोव्ह जातीचा घोडा. फळा, मणी, आकडे आणि अपार चिकाटी यांच्या बळावर चारेक वर्षं त्यांनी त्याला शिकवलं होतं. १९०४ च्या उन्हाळ्यात तिथे रोज गर्दी लोटायची. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, मंगळवार महिन्याच्या आठ तारखेला आला तर पुढच्या शुक्रवारची तारीख विचारा. हान्स उजव्या पुढच्या पायाची टाप तितक्या वेळा फरशीवर आपटायचा आणि गाजराचा किंवा पावाचा तुकडा मिळवायचा. म्हातारबुवा यासाठी कुणाकडून पैसे घेत नव्हते. मनुष्येतर जीवालाही बुद्धी असते, फक्त तिला शाळा मिळालेली नसते, एवढंच त्यांना जगाला दाखवायचं होतं, आणि मला वाटतं, शिक्षकी पेशात आयुष्य घालवलेल्या माणसाचं याहून सुंदर स्वप्न असू शकत नाही.

सप्टेंबरमध्ये तेरा जणांची समिती बसली. त्यात सर्कसचे चालक होते, प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते, लष्करी अधिकारी होते आणि मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल श्टुम्फही होते. त्यांनी निर्वाळा दिला की इथे कुठलीही लबाडी नाही, हेतुपुरस्सर केलेली खूण नाही. निर्वाळा खराच होता. मग श्टुम्फ यांचे तरुण सहकारी ऑस्कर फुंग्स्ट कामाला लागले. प्रेक्षकांच्या नजरा टाळायला त्यांनी तंबू उभारला, घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावली, आणि मग एक अगदी साधी युक्ती केली. एका माणसानं घोड्याच्या कानात एक आकडा सांगायचा, दुसऱ्यानं दुसरा, आणि बेरीज घोड्यानं करायची. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याचा आकडा ठाऊक नाही, म्हणजे त्या अंगणात उत्तर कुणाच्याच जवळ नाही. हान्सचं गणित तिथे संपलं. प्रश्नकर्त्याला उत्तर ठाऊक नसलं किंवा झापडांमुळे तो दिसत नसला की घोडा हतबल व्हायचा. लगाम ताणून, मान वळवून त्या माणसाला कसंही करून पाहण्याची धडपड करायचा.

प्रश्न विचारला की माणूस नकळत किंचित पुढे झुकतो, टापेकडे बघायला. घोडा टापा सुरू करतो. बरोबर आकडा जवळ येतो तसा माणसाच्या अंगातला ताण वाढत जातो, आणि तो आकडा गाठला की डोकं कणभर वर उचललं जातं, भुवई हलते, श्वास सुटतो. घोडा थांबतो. हे डोकं वर होणं इतकं सूक्ष्म होतं की तेरा विद्वानांपैकी एकालाही ते दिसलं नाही, आणि ज्यांचं डोकं हलत होतं त्या फॉन ओस्टेन यांनाही त्याचा पत्ता नव्हता. पुढे फुंग्स्ट स्वतःच प्रयोगशाळेत घोडा झाले. समोरच्यानं मनात आकडा धरायचा आणि यांनी हातानं टकटक करत त्याच्या चेहऱ्यावरून तो ओळखायचा. ते बहुतेक वेळा बरोबर येत. आणि गुपित पूर्ण ठाऊक असूनही प्रश्नकर्त्याच्या जागी उभं राहिल्यावर स्वतःच्या डोक्याची ती हालचाल त्यांना पुरती आवरता येत नव्हती.

हान्सची गोष्ट पुष्कळदा फजितीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. तो घोडा गणित करत नव्हता, हे खरं. पण सासरी नव्यानं आलेली सून ताटावर बसलेल्यांच्या भुवयांवरून आमटीतलं मीठ ओळखते, तसा तो अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांवरून त्यांचं समाधान वाचत होता, आणि हे काम भागाकाराहून सोपं खचितच नाही. त्याला विचारलं होतं सात आणि पाच किती. तो उत्तर देत होता ते दुसऱ्याच प्रश्नाचं: हा माणूस कधी निवांत होईल? फॉन ओस्टेन यांना मात्र हा निकाल मानवला नाही. १९०९ मध्ये ते वारले तेव्हाही ते दुखावलेलेच होते. फळ्यासमोर घालवलेल्या एवढ्या वर्षांत घोडा फळा न बघता आपल्याकडे बघत होता, यात अभिमान वाटावा असंही काही होतं, हे त्यांना सुचवणारं कुणी भेटलं नसावं.

बर्लिनचं अंगण सुटलं तरी ती हलणारी भुवई सुटत नाही. १९६३ मध्ये नॉर्थ डाकोटा विद्यापीठात रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोडे यांनी बारा विद्यार्थ्यांना उंदीर वाटले. निम्म्यांना सांगितलं, तुमचे उंदीर चक्रव्यूहात हुशार निघावेत म्हणून पिढ्यान्पिढ्या निवडलेले आहेत. निम्म्यांना सांगितलं, तुमचे मंद आहेत. सगळे उंदीर एकाच साध्या वसाहतीतले होते. तरी हुशार ठरवलेले उंदीर वाट लवकर शिकले. त्या विद्यार्थ्यांनी नंतर सांगितलं की आपल्या उंदरांना आपण हळुवार हाताळलं, पुन्हा पुन्हा हाताळलं. अपेक्षा मनातून बोटांत उतरली होती आणि बोटांतून उंदराच्या पाठीवर. हे वाचलं की मला उंदरांहून जास्त आठवतात त्या आपल्या शाळांतल्या अ आणि ड तुकड्या, पण तो विषय निराळा.

चांगला प्रयोग कसा दिसतो हे पाहायचं असेल तर मधमाश्यांकडे जावं. विसाव्या शतकाच्या आरंभी म्यूनिखमध्ये कार्ल फॉन हेस नावाचे मोठे नेत्रतज्ज्ञ ठामपणे सांगत होते की मधमाश्या रंगांध आहेत. अंधाऱ्या जागेत माशी सोडली, दोन रंगांचे प्रकाश दाखवले, की ती अधिक उजळ प्रकाशाकडे जाते, रंग कोणता का असेना. तरुण कार्ल फॉन फ्रिश यांना हे पटेना. रंगांध माश्यांसाठी फुलांनी एवढा शृंगार कशाला करावा? त्यांच्या ध्यानात आलं की कोंडलेली माशी प्रकाशाकडे धावते ती सुटकेसाठी, आणि सुटू पाहणाऱ्याला उजेड हवा असतो, निळा की पिवळा हे बघायला त्याला सवड नसते. भुकेली माशी वेगळी, भ्यालेली माशी वेगळी.

म्हणून त्यांनी माश्यांना बाहेर, मोकळ्या उजेडात, निळ्या कागदावरच्या बशीतलं साखरपाणी प्यायची सवय लावली. मग शंका घ्यायला सुरुवात केली ती स्वतःवरच. माशीनं निळेपणा न ओळखता नुसती त्या कागदाची उजळता ओळखली असेल तर? मग निळ्याभोवती करड्या रंगाच्या फिक्यापासून गडदापर्यंतच्या छटा बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडा. त्यांतली एखादी छटा तरी उजळतेत निळ्याच्या तोडीची असणारच, आणि माशी रंगांध असेल तर तिथे फसेल. जागा लक्षात ठेवली असेल तर? कागदांच्या जागा बदला. साखरेचा वास येत असेल तर? बश्या रिकाम्या ठेवा. आधीच्या माश्यांनी कागदाला वास लावला असेल तर? कागद नवे आणा. निळ्या रंगालाच आपल्याला न जाणवणारा गंध असेल तर? सगळ्यांवर काच ठेवा. एवढं सगळं केल्यावरही माश्या येऊन निळ्यावर उतरल्या. तांबड्या कागदाच्या बाबतीत मात्र त्या काळ्या आणि गडद करड्याशी घोटाळा करत राहिल्या, कारण तांबडा त्यांना दिसतच नाही. १९१४ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. मला त्यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती काच. आपल्या नाकाला जे येत नाही ते दुसऱ्या कुणाला येत असेल, हे मान्य करून ठेवलेला तो एक पारदर्शक तुकडा.

आपल्या नाकाला, कानाला काय काय कळत नाही, याची यादी लांब आहे. नळाच्या धारेतून आणि संगणकाच्या पडद्यातूनही असे उच्च ध्वनी निघतात जे आपल्याला ऐकू येत नाहीत, पण उंदराला येतात. आपण दिवसा, पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली त्याच्या धीटपणाची परीक्षा घेतो. त्याची ती झोपेची वेळ असते. १९९९ मध्ये जॉन क्रॅब, डग्लस वाल्स्टेन आणि ब्रूस डुडेक यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, तो वाचून अनेक प्रयोगशाळांची झोप उडाली असणार. पोर्टलँड, एडमंटन आणि ऑल्बनी या तीन शहरांत त्यांनी आठ वाणांच्या लहान उंदरांवर तेच प्रयोग केले. उपकरणं तीच, उंदरांचं वय तेच, सुरुवातीचा दिवस तोच, आपापल्या घड्याळातली वेळही तीच. आणि तरी काही कसोट्यांत तिन्ही गावांचे निकाल जुळेनात. एडमंटनचे उंदीर एकंदरीत अधिक चळवळे निघाले. तिथल्या एका प्रयोगकर्त्याला उंदरांची ॲलर्जी होती, म्हणून श्वसनाचा मुखवटा चढवून काम चालायचं. मुखवट्याच्या आवाजामुळे फरक पडला, की त्यानं माणसाचा वास अडवला म्हणून, की भलत्याच कशामुळे, सांगता येत नाही.

पुढे २०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल आणि सहकाऱ्यांनी आणखी एक पडदा सरकवला. वेदनेच्या प्रयोगात खोलीत पुरुष बसला असेल तर उंदरांना वेदना कमी होत असल्यासारखं दिसायचं. बाई बसली असेल तर तसं होत नसे. पुरुषाची गरजही नव्हती, त्यानं आदल्या रात्री घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी पुरे. अनोळखी नराचा वास आला की उंदीर धास्तावतो, आणि त्या धास्तीत त्याचं दुखणं दबून जातं. पाऊण-एक तासात तो सरावतो आणि परिणाम ओसरतो. जगभरच्या वह्यांत वेदनेचे किती आकडे केवळ त्या दिवशी कामावर कोण होतं यावर हलले असतील, या विचारानं खिन्न व्हायला होतं. औषध देणारा आणि नोंद करणारा आपण तिथे नाहीच असं समजत होता. उंदराच्या दृष्टीनं त्या खोलीत सर्वांत मोठी, सर्वांत भयंकर वस्तू तोच होता.

कधी कधी वाटतं, आपल्या अनुपस्थितीची ही कल्पनाच मुळात खोटी आहे. पूर्ण बाजूला होणं माणसाला जमत नाही, प्रयोगशाळेत नाही आणि घरातही नाही. पण आपण कुठे उभे आहोत याचा हिशोब ठेवणं जमतं, आणि काहींनी तो फार निर्मळपणे ठेवला आहे. ट्युनिशियाच्या वाळवंटात कॅटाग्लिफिस नावाची लांब पायांची मुंगी राहते. तापलेल्या वाळूवर वासाची वाट टिकत नाही; ती सूर्याकडून दिशा घेते, पण अंतर कसं मोजते? मात्थियास विट्लिंगर, रुडिगर वेनर आणि हाराल्ड वोल्फ यांना वाटलं, ती पावलांचा हिशोब ठेवत असावी. घरट्यापासून दहा मीटरवर तिला खाद्य मिळालं की तिथेच पकडून त्यांनी काही मुंग्यांच्या पायांना डुकराच्या केसांच्या काठ्या चिकटवून पाय लांब केले, आणि काहींचे पाय, हे लिहिताना हात अडखळतो, छाटून आखूड केले. परतताना लांब पायांच्या मुंग्या घर मागे टाकून पंधरा मीटरच्या आसपास जाऊन शोधू लागल्या. आखूड पायांच्या सहा मीटर व्हायच्या आतच थांबल्या.

इथे कुणीही शंका घेईल, आणि घ्यावीच. गोंद लागला, पाय तुटले, माणसानं धरलं, सोडलं. इतकं झाल्यावर बिचारी मुंगी चुकली तर त्यात पावलं मोजण्याचा काय संबंध? म्हणून त्याच मुंग्यांना घरट्यात सोडून पुन्हा बाहेर निघू दिलं गेलं. आता जाताना जे पाय तेच येताना. काठ्या होत्याच, जखमाही होत्याच, पण या वेळी लांब पायांच्या आणि आखूड पायांच्या, दोन्ही मुंग्या घराच्या योग्य अंतरावर येऊन थांबल्या. पहिल्या खेपेला जाण्यायेण्यात बदललं होतं ते फक्त पाऊल. २००६ च्या त्या निबंधातली ही दुसरी खेप मला पहिलीहून मोलाची वाटते. पहिलीत वैज्ञानिकानं आपलं म्हणणं मांडलं. दुसरीत त्यानं मुंगीला ते खोडून काढायची संधी दिली.

आणि हे सगळं दूरदेशीच घडतं असंही नाही. आपल्याकडे विजेच्या तारांवर बसून किड्यांवर झेपावणारा, हिरवा, शेपटीत लांब सळई असलेला वेडा राघू उन्हाळ्याच्या सुमारास मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. जवळ कुणी उभं असेल तर तो चोचीत किडा धरून ताटकळतो, बिळात शिरत नाही. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या ताटकळण्यावर निबंध लिहिला. साधं उत्तर होतं की पक्षी माणसाला भितो, माणूस जितका जवळ तितकी भीती जास्त. मग अंतर साधारण सारखंच ठेवून माणूस दोन जागी उभा केला गेला, एका जागेवरून बीळ दिसतं, दुसरीवरून दिसत नाही. बीळ दिसत नसेल तेव्हा पक्षी जास्त वेळा आत शिरत. म्हणजे केवळ जवळीक नव्हे, समोरच्याला काय दिसतं यावर त्यांचं वागणं बदलत होतं. इथेही मन पुढची शंका काढतंच: जिथून माणसाला बीळ दिसत नाही, तिथून बिळाच्या तोंडाशी आलेल्या पक्ष्यालाही माणूस दिसत नसणार, मग पक्षी माणसाची नजर जाणतो आहे, की स्वतःच्याच नजरेवर चालतो आहे? अशी शंका प्रयोगाला उणेपणा आणत नाही. दरडीसमोर उभं राहून पुढचा प्रयोग रचायला ती कुणातरी विद्यार्थ्याला बोलावते.

प्राण्यांच्या बुद्धीविषयी आपण दोन टोकांना झुलतो. एक तर भारावून जातो, नाहीतर सगळं यांत्रिक म्हणून झटकतो. दोन्हींत घाई आहे, आणि दोन्हींत प्राण्याचं म्हणणं अर्ध्यावर तोडलेलं असतं. करडे कागद, काच, दुसरी खेप, कानात निरनिराळे सांगितलेले दोन आकडे, ही सगळी समोरच्या जीवाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेण्याची रीत आहे, आणि विज्ञानात माणसाच्या सौजन्याला जी थोडी जागा आहे ती मला इथे सापडते. तेव्हा पुढच्या वेळी वर्तमानपत्रात अमुक पोपटाला गणित येतं किंवा तमुक कुत्र्याला मालकाचं मन कळतं असं वाचाल, तेव्हा हरखूही नका, हसूही नका. एवढंच विचारा, की तिथे कोण उभं होतं, त्याला उत्तर ठाऊक होतं का, आणि तो तिथून बाजूला झाल्यावर काय घडलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बातमीत बहुधा नसतं.